भांगाचं चौपदरीकरण

शाळेच्या स्नेहसंमेलनाला ड्रोन आणायचं कुणी ठरवलं ते शेवटपर्यंत कळलं नाही, कारण फोटो आल्यावर सगळ्यांनीच अंग काढून घेतलं. फोटो तसे वाईट नव्हते. मैदानावर मुलांनी उभं राहून केलेलं भलंमोठं सूर्यफूल, कडेला पाहुण्यांची पांढरी गाडी आणि पहिल्या रांगेत आम्ही शिक्षिका. सगळं वरून. माणूस समोरून कसा दिसतो याची काळजी आपण जन्मभर घेतो, अगदीच हौशी असलो तर मागूनही आरशात बघतो. पण वरून आपण कसे दिसतो हे फक्त कावळ्यांना आणि देवाला ठाऊक असतं, आणि दोघंही ते बोलून दाखवत नाहीत. ड्रोननं ते स्टाफच्या ग्रुपवर टाकलं.

माझा भांग एके काळी खरोखर भांग होता. शेताच्या बांधावरच्या पायवाटेसारखा, बारीक आणि सरळ. फोटोत मात्र नाशिक-पुणे रस्त्याचं जे झालं तेच त्याचं झालेलं दिसत होतं. दुतर्फा झाडं तोडून चौपदरीकरण. मी फोटो मोठा करून पाहिला, मग लहान करून पाहिला. लहान केल्यावर जरा बरा वाटला.

आमचे हे, भागवत, दूध संघात आहेत आणि तिशीपासून टकले आहेत. त्यांना फोटो दाखवला तर म्हणाले, ऊन छान पडलंय. टक्कल पडलेल्या माणसाला केसांचं दुःख सांगणं म्हणजे माळकऱ्याला मटणाचा रस्सा जमलाय का विचारण्यासारखं आहे. मी तो नाद सोडला.

खरी अडचण वेगळी होती. मी संगमनेरात शाळेत विज्ञान शिकवते. दर वर्षी आरोग्य सप्ताहात 'जाहिरातींना भुलू नका' हे व्याख्यान माझंच असतं. जिन्याच्या भिंतीवर 'समतोल आहार हेच खरे टॉनिक' असं माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे आणि त्याखाली मी काढलेलं गाजर आहे. (पुष्कळांना ती मिरची वाटते.) अशा बाईनं केसांसाठी काही करायचं तर ते गुपचूपच करावं लागणार.

गुपचूप करायला आमची कॉलनी मात्र सोयीची नाही. शाळेच्या फेसबुक पानावरही तो फोटो पडला होता आणि कॉलनीनं तो माझ्याआधी पाहिला होता. दुसऱ्या दिवशी समोरची सविता वाटीभर कांद्याचा रस घेऊन आली. आपल्या जिल्ह्यात कांदा पिकतो तो काय उगीच, असं तिचं म्हणणं. मी तो चोळला, दोनदा डोकं धुतलं आणि शाळेत गेले. तिसऱ्या तासाला पहिल्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, मॅडम, आज डबा लवकर खायचाय का? त्यानंतर तळमजल्यावरच्या काकूंनी माका सांगितला, दूधवाल्यानं जवस सांगितलं, आणि वरच्या मजल्यावरचे एक निवृत्त गृहस्थ जिन्यात अडवून म्हणाले, हे सगळं मोबाईलच्या टॉवरमुळे आहे, चिमण्या गेल्या, आता तुमचे केस. चिमण्यांच्या पंगतीत बसवल्यावर मी ठरवलं, आता पुरे. तोंडात टाकायची आणि गिळून मोकळं व्हायचं, अशी काहीतरी गोळी हवी.

गोळी मला फोनवरच सापडली. किंबहुना तिनं मला शोधून काढलं. जाहिरातीत एक बाई मान वळवते आणि तिचे केस तिच्या मागून सावकाश येतात, एसटीच्या मागून धूळ यावी तसे. व्याख्यान मला तोंडपाठ होतं. तरीही मी बटण दाबलं.

पार्सल आलं तेव्हा मी शाळेत होते, म्हणून ते सविताकडे ठेवलं गेलं. संध्याकाळी ती ते घेऊन आली तोवर तिनं खोकं हलवून आत गोळ्या आहेत एवढं ओळखलं होतं. कसल्या गं, तिनं विचारलं. सोफ्यावर माझ्या सासूबाई गुडघा चोळत बसल्या होत्या. माझी नजर तिकडे गेली आणि मी म्हणाले, गुडघ्यांसाठी.

माझे गुडघे उत्तम आहेत. पण एकदा तोंडातून गेलं ते गेलं. दुसऱ्या दिवसापासून मला जिना लंगडत चढावा लागला, कारण सविताचं दार जिन्याकडे उघडतं. लंगडणं वाटतं तितकं सोपं नाही. मुख्य म्हणजे कुठला पाय ते लक्षात ठेवावं लागतं. मी सोमवारी डावा पाय ओढला आणि मंगळवारी उजवा. सवितानं हळहळून सांगितलं, दुसऱ्यातही उतरलं वाटतं. लगोलग तिच्या माहेरचं लाल तेल आलं आणि मला मांडी घालून बसायची बंदी झाली. संकष्टीच्या आरतीला माझ्यासाठी खुर्ची.

गोळ्या मी एका जुन्या कॅल्शियमच्या डबीत ओतून ठेवल्या. बदामाच्या आकाराच्या, जांभळ्या, जेलीसारख्या मऊ. चवीला जांभूळ. मूळ डबीवर दिवसाला एक असं लिहिलेलं होतं, मी दोन खात होते, घाई असली की तीन. बायोटिन हे पाण्यात विरघळणारं जीवनसत्त्व, जास्त झालं तरी शरीरात साठत नाही, निघून जातं, हे मीच नववीला शिकवते. त्यामुळे काळजीचं कारण नव्हतं.

चौथ्या-पाचव्या दिवशी सासूबाईंनी हात पुढे केला. त्यांचं नाव कडूबाई. पाथर्डीकडच्या गावातून सासरे गेल्यावर त्या आमच्याकडे आल्या, आणि त्यांचे गुडघे मात्र खरोखरचे दुखतात. गुडघ्याची गोळी घरात असताना सून ती एकटीच खाते, हे कॉलनीला कळलं असतं तर मला घर विकावं लागलं असतं. मी एक गोळी दिली. दुसऱ्या दिवशीही दिली. आठवड्याभरात सासूबाई कुरडया वाळवायला गच्चीवर जाऊन आल्या आणि म्हणाल्या, "ह्या गोळीत दम हाय." पुढे तर डबी त्यांच्याच पिशवीत राहू लागली आणि मला माझ्या गोळ्या त्यांच्याकडे मागून खाव्या लागू लागल्या. माझ्या भांगात काही फरक नव्हता. नखं तेवढी भराभर वाढत होती, पण वर्गात नखं दाखवून मान मिळत नाही.

याच सुमारास आमच्या संस्थेनं कर्मचाऱ्यांची मोफत आरोग्य तपासणी ठेवली. रक्त घेण्याआधी तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, काही गोळ्या चालू आहेत का? माझ्या मागे रांगेत मुख्याध्यापक बिभीषण सर उभे होते. मी म्हणाले, नाही, फक्त समतोल आहार.

अहवाल आला तो थेट सरांच्या फोनवर. सरांनी तो स्टाफरूममध्ये दहावीचा निकाल वाचावा तशा आवाजात वाचून दाखवला. माझी थायरॉइडची ग्रंथी उधळली होती म्हणे. एक आकडा जमिनीत गेला होता आणि दुसरा आभाळात, दोन्हींपुढे लाल बाण. सरांच्या चुलतसासूला थायरॉइड असल्यामुळे या विषयात शाळेत त्यांचाच शब्द शेवटचा. त्यांनी मला हात पुढे करायला लावला, त्यावर हजेरीचा कागद ठेवला आणि सगळ्या स्टाफला कागद थरथरतोय का ते पाहायला सांगितलं. वीस माणसं हाताकडे टक लावून बघत असली की कुणाचाही कागद थरथरतो. सर म्हणाले, बघा.

घरी येऊन मी फोनवर लक्षणं वाचली. छाती धडधडणं: होतं. चिडचिड: भागवतांना विचारलं तर त्यांनी विषय बदलला. केस गळणं. इथं मी थांबले. म्हणजे केस उगीच गळत नव्हते, मला मोठं दुखणं होतं. खरं सांगायचं तर मला भीती वाटली, पण त्या भीतीत किंचित समाधानही होतं. गळणाऱ्या केसांना अखेर भारदस्त कारण मिळालं होतं.

नाशिकच्या तज्ज्ञ डॉक्टरांची वेळ बरीच पुढची मिळाली, आणि तेवढ्यात मी पूर्णवेळ पेशंट झाले. बिभीषण सरांनी माझी निवडणुकीची ड्यूटी रद्द करवण्यासाठी स्वतः तहसीलला खेपा घातल्या. ती ड्यूटी चित्रकलेच्या सरांच्या गळ्यात पडली. त्या दिवशी त्यांच्या मेव्हण्याचं लग्न होतं. त्यानंतर ते माझ्याशी फक्त फळ्याकडे बघून बोलत. नातेवाईक भेटायला येऊ लागले. आजारी माणसाला केळी न्यायची हे आमच्याकडे सगळ्यांनाच ठाऊक आहे, त्यामुळे आम्ही सकाळ-संध्याकाळ शिकरण खात होतो. लोक आधी माझ्या चेहऱ्याकडे बघत, मग गळ्याकडे, आणि मग भागवतांकडे वळून हळू आवाजात विचारत. एकदा मी स्वयंपाकघरात गेले तर भागवत डाळ-तांदळाचे डबे उघडून बघत होते. काय शोधताय विचारलं, तर म्हणाले, काही नाही, कुठे काय असतं ते माहीत असावं. मी त्यांच्या हातातला डबा काढून घेतला आणि झाकण घट्ट लावलं.

आणि एका सकाळी सासूबाईंनी चहा घेता घेता जाहीर केलं.

"बालाजीला बोललेय मी. सून बरी झाली की तिचे समदे केस वाहीन."

मी कप खाली ठेवला. ज्या केसांपायी मी चोरून गोळ्या खाल्ल्या, खोटंखोटं लंगडले, ते एकगठ्ठा तिरुपतीला जाणार होते. मी शक्य तितक्या शांतपणे सुचवलं की नारळावर भागलं नसतं का. "मोठ्या दुखन्याला नारळ पुरत न्हाई," एवढं बोलून त्यांनी बशी पुसली. विज्ञानाच्या शिक्षिकेनं नवसाला विरोध करायला हवा, आणि मी केलाही. पण विरोध तत्त्वासाठी आहे की भांगासाठी, हे माझं मलाच ठरवता येईना.

नाशिकला आम्ही तिघं सविताच्या भावाच्या गाडीतून गेलो, म्हणून सविताही आली. तपासणीच्या खोलीत एकाच नातेवाइकाला परवानगी होती. आम्ही चौघंही आत गेलो. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, शांत. त्यांनी अहवाल पाहिला, माझी नाडी पाहिली, गळा चाचपला, डोळे पाहिले आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. कागद म्हणत होता की बाई फार आजारी आहे, आणि समोरची बाई शिकरण खाऊन वजनानं वाढलेली होती. त्यांनी विचारलं, कुठल्या गोळ्या चालू आहेत?

"काहीच नाही," मी म्हणाले.

"आसं कसं?" सासूबाई म्हणाल्या. "गुडघ्याच्या खाती की. मी बी खाते." आणि त्यांनी पिशवीतून डबी काढून टेबलावर ठेवली.

डॉक्टरीणबाईंनी झाकण उघडलं, एक जांभळा बदाम बोटात धरून उजेडात फिरवला, वास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. वर्गात कॉपी सापडल्यावर मी असंच बघते. मी सविताकडे बघायचं टाळून सांगून टाकलं की त्या केसांच्या आहेत.

मग उलगडा झाला. बायोटिन शरीरात साठत नाही हे खरं, पण रक्तात फिरत असतं तोवर थायरॉइडच्या काही तपासण्यांची फसगत करतं. यंत्राला जे मोजायचं ते मोजता येत नाही आणि ते भलतेच आकडे देतं. आजार बहुधा नाहीच. गोळ्या आठवडाभर बंद ठेवायच्या आणि रक्त पुन्हा द्यायचं. त्यांनी अहवालाचं दुसरं पानही उलटलं, जे लाल बाणांच्या गडबडीत बिभीषण सरांसकट कुणीही पाहिलं नव्हतं. तिथं माझं हिमोग्लोबिन खाली आलेलं होतं. केस गळतात ते बहुतेक यामुळे, त्या म्हणाल्या, त्याचीही नीट तपासणी करू. शरीरात लोह कमी असेल तर बायोटिन कितीही खाल्लं तरी उपयोग नाही. समतोल आहार घेता का?

मला जिन्यातलं गाजर आठवलं. भागवत खुर्चीत मागे टेकले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. इतक्या दिवसांत त्यांना मी पहिल्यांदाच टेकून बसलेलं पाहिलं. सासूबाईंनी डबी उचलून हातात फिरवून पाहिली.

"म्हंजी माझे गुडघे केसाच्या गोळ्यांनी ऱ्हायले व्हय?"

परतताना सिन्नरजवळ गाडी चहाला थांबली तेव्हा सवितानं विचारलं, मग तू लंगडत का होतीस? मी म्हणाले, सवय. घरी पोचलो तेव्हा तळमजल्यावरच्या काकू दारात उभ्या होत्या आणि त्या माझ्या गुडघ्यांकडे नव्हे, डोक्याकडे बघत होत्या.

दुसरा अहवाल निर्मळ आला. बिभीषण सरांनी ग्रुपवर 'पंकजा मॅडमना आजार नसल्याबद्दल हार्दिक अभिनंदन' असा संदेश टाकला. चित्रकलेच्या सरांनी त्याखाली हात जोडले आणि लगेच विचारलं, मग ड्यूटी? मी तहसीलला गेले. तिथला कारकून सज्जन होता, पण त्याचा नाइलाज होता. आजारी असल्याचा दाखला जोडून नाव कमी करता येतं. आजारी नव्हतेच, असा दाखला त्याच्या नोकरीत कुणी आणला नव्हता. तो म्हणाला, मॅडम, तुम्ही बऱ्या झालात असं लिहून आणा. मी म्हणाले, पण मी आजारीच नव्हते. तो म्हणाला, मग रद्द कशामुळे झाली? असं आमचं बराच वेळ चाललं. शेवटी मी बरी झाल्याचं लिहून दिलं आणि मला अकोले तालुक्यातल्या डोंगरावरचं केंद्र मिळालं. जाताना चित्रकलेच्या सरांनी मला स्वतःची उशी दिली.

नवस मात्र तसाच उभा होता. दुखणं मुळात नव्हतंच, तेव्हा बरं होण्याचा प्रश्न कुठे येतो, हा माझा मुद्दा मी फळ्यावर मांडावा तसा मांडला. सासूबाईंनी शांतपणे ऐकला.

"गोळ्या कुनी सोडवल्या?"

"डॉक्टरांनी."

"डबी कुनाच्या पिशवीत हुती? मला ती न्यायची बुद्धी कुनी दिली?"

भागवतांनी स्वतःला पुढे केलं, पण आधीच पुसून लख्ख झालेलं टक्कल देवाला कसं द्यायचं, असं त्यांना विचारण्यात आलं. शेवटी त्यांनीच चौकशी करून आणली की बायका नुसत्या तीन बटाही देतात, तेवढं चालतं. तीन बटा माझ्या ऐपतीत होत्या. शिर्डीहून तिरुपतीला थेट गाडी आहे. सुट्टी लागल्यावर आम्ही तिघं निघालो. तीन बटांना सासूबाईंनी हो म्हटलं नव्हतं हे मला वाटेत कधीतरी आठवलं.

केस काढायच्या त्या मोठ्या दालनात बायकांसाठी कात्री-वस्तरा घेऊन बायकाच बसलेल्या होत्या. ओल्या फरशीवर माणसं येत होती, बसत होती, हलकी होऊन उठत होती. आमची पाळी आली. मी पुढे झाले तर सासूबाईंनी मला कोपरानं बाजूला सारलं, गुडघ्यावर हात देत स्वतः खाली बसल्या आणि अंबाडा सोडला. त्यांचे केस मी इतक्या वर्षांत सुटे कधी पाहिले नव्हते. पांढरे, दाट, कमरेच्या खाली पोचणारे.

"आत्याबाई, तुम्ही 'सुनेचे' म्हणाला होता," मी म्हणाले. कुठून सुचलं कोण जाणे.

"हितल्या देवाला आपली भाषा कुठं येती?" त्या म्हणाल्या. "केस म्हनलेलं त्येला कळलं आसंल. कुनाचे, ते न्हाई." आणि त्यांनी मान पुढे केली.

मी त्यांच्याजवळ फरशीवर बसले, मांडी घालून. त्यांनी माझा हात धरला होता. पाच मिनिटांत सगळं झालं. त्या उठल्या, डोक्यावरून हात फिरवला, पुन्हा एकदा फिरवला आणि म्हणाल्या, लई गार वाटतंय. बाहेर भागवत उभे होते. आईकडे बघून त्यांना आधी रडू आलं आणि मग हसू, कारण शेजारी शेजारी उभे राहिल्यावर दोघं अगदी एकसारखे दिसत होते.

परतीच्या गाडीत समोर शेवगावची एक बाई बसली होती, बोलकी. तिनं सासूबाईंच्या डोक्याकडे बघून विचारलं, "मावशी, नवस कशाचा हुता?"

मी खिडकीकडे तोंड केलं. आता माझं दुखणं, ते नसणं, डबी, गुडघे, सगळं शेवगावपर्यंत जाणार.

"सुनेच्या केसांचा," सासूबाई म्हणाल्या. "गळत्यात तिचे. येडी चोरून गोळ्या खात हुती. न्हानीतले पुंजके रोज मीच उचलीत हुते, मला ठावं नसंल व्हय? दुखनं डाक्तरनं घालवलं, त्येचं त्येला पावलं. म्या केस दिले ते केसासाठीच. माझं ह्या वयात काय आडतंय?"

मी खिडकीतून तोंड वळवलं नाही. डोळ्यांत काहीतरी गेलं होतं, गाडीत जातंच.

शेवगावची बाई थोडी पुढे झुकली आणि माझ्या भांगाकडे, डाळ निवडताना बघावं तसं, बराच वेळ बघत राहिली.

"मंग? पावला का?"

"आगं, कालच तर दिलेत," सासूबाई म्हणाल्या. "त्येला मोजून घ्यायला तरी येळ दे."